हनुवटीवरचे टाके

"नेट फुकट आहे साहेब. पासवर्ड भिंतीवर लावलाय," लॉजच्या काउंटरवरचा म्हणाला.

"फुकटचं फार महागात पडलंय मला," मिस्त्री म्हणाले आणि गुडघे धरत तीन जिने चढून गच्चीवर गेले. त्यांच्या स्वतःच्या फोनला रेंज यायची ती फक्त तिथल्या पाण्याच्या टाकीपाशी.

बॉयलर दुरुस्तीत तीस वर्षं गेली, महिन्याचे वीस दिवस लॉजवर. गेल्या महिन्यात अशाच एका लॉजवर त्यांनी लॉजच्या नावाचं नेट लावलं. नाव तेवढं लॉजचं, नेट भलत्याचंच. त्यावर मेलचा पासवर्ड मागितला, ह्यांनी मुकाट्याने दिला. दुसऱ्या दिवशी ते बॉयलरच्या पोटात आणि फोन बाहेर पिशवीत असताना लेकीला त्यांच्या नावाने मेल गेला. अपघात झालाय, अमुक दवाखान्यात आहे, तुझ्या ओळखपत्राचा आणि कार्डाचा फोटो पाठव. तिने पाठवला. वर आठव्या महिन्याचं पोट सांभाळत त्या दवाखान्यात वॉर्डावॉर्डातून बाबांना शोधत फिरली. तेव्हापासून तिचा कशावरच विश्वास उरला नव्हता, आणि मिस्त्रींना स्वतःची लाज वाटत होती.

उद्या सकाळी तिचं सिझेरियन होतं. त्यांनी त्या प्रकारानंतर घेतलेल्या नव्या नंबरवरून फोन लावला.

"अगं, मी बोलतोय. संध्याकाळच्या गाडीने निघतोय."

"मी कोण?"

"मी, बाबा."

"आवाजसुद्धा बनवतात आता. आधी एक सांगा. माझ्या हनुवटीला टाके कशाने पडले?"

ती खूण मिस्त्रींना पाठ होती, डावीकडे, जराशी तिरकी. पण कशाने? बायकोने सांगितलं असणार, त्यांनी जेवता जेवता ऐकलं असणार. सायकल? जिना? काहीतरी ठोकून द्यावं असं मनात आलं. चुकलं तर ती फोन ठेवणार, आणि उद्या दोघांचं बोलणं न होताच तिला ऑपरेशनला आत नेतील.

"नाही गं माहीत," ते म्हणाले. "मी टूरवर होतो. आलो तेव्हा पट्टीसुद्धा निघाली होती."

पलीकडे तिने श्वास सोडला.

"या बाबा. तुम्हीच आहात. चोराने काहीतरी सांगितलंच असतं."

मिस्त्रींना हायसं वाटलं, आणि तितकंच वाईटही वाटलं.

"कशाने पडले होते गं?"

"तुम्ही टूरला निघालात ना, तेव्हा मी मागून धावले. फाटकावर आपटले. तुम्ही रिक्षात बसला होतात."

बॅग भरायची होती, गाडीला तासभरच होता. मिस्त्री खाली निघाले आणि दुसऱ्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिले.