एका मुलापुरतं टेबल

मी टेबल बोलतोय. मराठीत मला ‘ते टेबल’ म्हणतात, पण आमच्या झाशीत दिवसभर हिंदीच कानावर पडते, आणि हिंदीत ‘टेबल गंदी हो गई’, ‘टेबल उधर कर दो’ असंच चालतं. माझ्या मालकीणबाई चारुताताई घरी मराठी बोलणाऱ्या, त्यांची मदतनीस अंबिका इथलीच बुंदेलखंडी. दोघींच्या बोलण्यात माझं लिंग काही ठरलं नाही. मी आपला स्वतःला ‘तो’ म्हणतो.

दतिया गेटजवळच्या एका सुताराच्या दुकानात माझा जन्म झाला. मी सागवानी नाही की शिसवी नाही. साधं प्लायवूड आणि वर फिकट पिवळा सनमायका, एवढीच माझी श्रीमंती. चारुताताईंनी सुताराला सांगितलं की एका बाजूला अर्धचंद्रासारखी खाच हवी. चांगल्या चौकोनी टेबलाचा तुकडा का काढायचा, हे त्याला पटेना. तेव्हा ताई म्हणाल्या, “भैया, उसमें बच्चा बैठेगा.” मग त्यानं मुकाट्यानं खाच कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मला उलटं टाकून ई-रिक्षातून सीपरी बाजारात धाडलं.

तिथे एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर चारुताताईंनी नवीच पाटी लावली होती. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं. त्या शिकायला पुण्याला गेल्या आणि घरचे सगळे तिथेच राहा म्हणत असताना परत आल्या. ज्या मुलांना बोलणं, थांबणं, मागणं, नको म्हणणं आपोआप येत नाही, त्यांना त्या ते थोडं थोडं करून शिकवतात. लोक म्हणतात, ‘थेरपीवाली दीदी’. एकच खोली होती. मध्ये प्लायचा आडोसा घालून तिच्या दोन केल्या आणि आतल्या खोलीत मला ठेवलं.

माझ्या खाचेत मूल बसायचं. त्याच्या पाठीशी भिंत, पोटाशी मी आणि समोर ताई. चेंडू कुठला, बोटानं दाखव. काय हवं, सांग. बरोबर आलं की साबणाचे फुगे, मुरमुरे किंवा पाठीवर थाप. सुरुवातीला मला वाटायचं, मी मुलांना कुशीत घेतलंय. पुष्कळ दिवसांनी अंबिकाच्या बोलण्यातून कळलं की त्यांना पळता येऊ नये म्हणून ती खाच आहे. दोन्ही खरं असावं.

या खाचेत सगळ्यात जास्त दिवस बसली ती शलाका. तिचे वडील मिलिंद रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन आलेले. आई सिंधू. चार वर्षांची शलाका पहिल्यांदा आली तेव्हा तिनं माझ्यावर कपाळ आपटलं होतं, तेही रडत नव्हे, शांतपणे, दार वाजवल्यासारखं. ती बोलत नव्हती. त्या पावसाळ्यात एकदा ताईंच्या हातातल्या पेल्याकडे बघून ती ‘पाणी’ म्हणाली. आडोशापलीकडे सिंधूवहिनींनी ते ऐकलं आणि त्या बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या.

मग शलाका शिकतच गेली. नाव सांगणं, नमस्कार करणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं. घरी मराठी असली तरी शाळा हिंदी आणि गल्लीतले खेळही हिंदी, म्हणून ताईंनी तिला हिंदी वाक्यं दिली. त्यांतलं एक तिचं फार आवडतं होतं, “तुम्हें कौन सा रंग पसंद है?” ती विचारायची, ताई सांगायच्या, ती हसायची. मी मनात म्हणायचो, झालं, ही आता जगात कुठेही जाईल.

शलाका बारा-तेरा वर्षांची झाली तेव्हा वर्गातल्या एका मुलीनं तिला वाढदिवसाला बोलावलं. असं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. सिंधूवहिनींनी तिला नवा फ्रॉक शिवला. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या आणि काय झालं ते त्यांनी ताईंना सांगितलं. शलाका एकेका मुलीपुढे उभी राहिली आणि तिनं आवडता रंग विचारला. मुलींनी सांगितला. मग पुढे काय बोलायचं ते तिच्याकडे नव्हतं, म्हणून तिनं पुन्हा पहिल्या मुलीपासून सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला मुली पुढे पळू लागल्या आणि शलाका तो खेळच समजून त्यांच्यामागे हसत पळत होती.

“तिला वाटतंय, छान झालं,” सिंधूवहिनी म्हणाल्या. “ते मला जास्त लागलं.”

चारुताताईंनी माझ्या खाचेच्या कडेवर हात ठेवला. मग म्हणाल्या, “ती चुकली नाही, वहिनी. मी तिला माझ्याशी बोलायला शिकवलं. मुलांशी नाही.”

त्यानंतर महिनाभरात आडोसा निघाला. खोली मोठी झाली, खाली सतरंजी आली आणि दर शनिवारी मुलांचा गट घ्यायचं ठरलं. ताईंनी आधी चौघांना माझ्याभोवती बसवून पाहिलं. पण खाच एकच, त्यामुळे बाकीचे तिघे माझ्या कोपऱ्यांना अडकून वाकडेतिकडे बसले. मग मला भिंतीशी सरकवलं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. ज्यांनी माझ्यापाशी बसून बोलायला शिकावं त्यांनी माझ्याकडे पाठ करून बसावं, हे कुणालाही लागेल.

गटात शलाका होती. दहा वर्षांची देविका होती, ती बोलायची नाही, चित्रं दाखवायची. छोटा अनुप होता, त्याला वर्तुळ दिसलं की त्याभोवती पळावंसं वाटायचं. आणि पंधरा वर्षांचा मुकुल, उंच, किंचित वाकून चालणारा. तो बोलायचा खूप, पण फक्त पाण्याच्या पंपांविषयी. कुठल्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येतं, कुणाचा पंप हवा धरतो, कुणाचा गरम होतो. त्याला घेऊन यायचे त्याचे आजोबा केशवराव. माणिक चौकाकडचं जुनं मराठी घर, कचेरीतली नोकरी करून निवृत्त. मुकुलला मराठी समजायची, बोलायचा मात्र हिंदीच.

ताईंनी मोठ्या मेहनतीनं सगळं आखलं होतं. चेंडू टाकायचा, ज्याच्याकडे टाकला त्याच्या डोळ्यांत बघायचं, हात मिळवायचा, नाव विचारायचं. पहिल्या शनिवारी कुणीच कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. मुकुल चेंडूकडे बघून पंपाचं बोलला आणि अनुप चेंडू घेऊन जिना उतरला.

दुसऱ्या शनिवारी मधल्या सुट्टीत अंबिका पाणी भरायला गेली, ताई अनुपला आवरत होत्या. शलाका आणि मुकुल माझ्या दोन बाजूंना उभे होते, दोघंही खिडकीकडे बघत. शलाकानं विचारलं, “तुम्हें कौन सा रंग पसंद है?”

“पंप का? हरा. हमारे यहाँ नीला है, पर हरा अच्छा आता है.”

थोडं थांबून तिनं पुन्हा तेच विचारलं. मुकुल वैतागला नाही. आपल्याला कुणी दुसऱ्यांदा विचारतंय याचाच त्याला आनंद झाला असावा. तो पाइपांचे रंग सांगू लागला. तिनं पुन्हा विचारलं आणि तो वायरींकडे वळला. पाण्याची टाकी कुठल्या रंगाची चांगली, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं तेवढ्यात ताईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना वर्तुळात बोलावलं. हे बोलणं माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही.

तिसरा शनिवार वाईट गेला. अनुपनं फेकलेला चेंडू देविकाच्या कानावर बसला आणि ती किंचाळायला लागली, थांबेचना. शलाकानं कान झाकले आणि ती पुढेमागे झुलू लागली, अगदी लहानपणी झुलायची तशी. मग धावत माझ्याकडे आली आणि खाचेत शिरायला लागली. आता ती मावत नव्हती. गुडघे खालून माझ्यावर आपटत होते, तरी ती आत घुसतच होती. सिंधूवहिनी जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं.

त्या ओरडल्या नाहीत. शलाकाला हळूच बाहेर काढलं, तिच्या पायात चपला घातल्या आणि ताईंना म्हणाल्या, “इथवर यायला आम्हांला किती लागलं ते तुम्हांला ठाऊक आहे. दुसऱ्यांचं बघून ती परत तिथेच निघाली. माझी मुलगी एकटी बरी.”

पुढच्या शनिवारी शलाका आली नाही. मुकुल आला, सतरंजीवर बसला नाही, माझ्यापाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं खिडकीकडे बघत विचारलं, “रंग पूछने वाली नहीं आई?”

अंबिकानं सांगितलं, नाही आली. त्यानं तासभरात पुन्हा पुन्हा विचारलं. पुढच्या शनिवारी जिना चढतानाच विचारलं. त्या दिवशी केशवराव बाहेर थांबायचे ते आत आले आणि ताईंकडे त्यांनी शलाकाच्या घरचा पत्ता मागितला. ताई म्हणाल्या, पत्ता असा द्यायचा नसतो, आधी वहिनींना विचारते. सिंधूवहिनी फोनवर ‘या’ म्हणाल्या, कदाचित म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवलं नाही म्हणून.

रेल्वे कॉलनीतल्या त्या भेटीला मी नव्हतो. पण सिंधूवहिनींनी ती नंतर ताईंना माझ्याच शेजारी बसून सांगितली. केशवरावांनी मुलीला परत पाठवा असं काही म्हटलं नाही. चहा घेतला, भुसावळची चौकशी केली. मग म्हणाले, “आमची मंडळी गेली गेल्या साली. या पोराला तिनंच वाढवलं होतं. पण ती कुठे गेली, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. आम्ही समजलो, त्याला माणसाचं काही वाटत नाही. तुमच्या मुलीचं मात्र विचारतोय. एवढंच सांगायला आलो.”

ते गेल्यावर सिंधूवहिनींनी कपबशा उचलल्या. आजवर शलाकाला कुठे न्यायचं, कुणाकडे न्यायचं, काय शिकवायचं, सगळं त्यांनी आणि मिलिंदनं ठरवलं होतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच तिला विचारलं, “शनिवारी जायचंय का तुला?”

शलाका म्हणाली, “त्याचं टाकीचं सांगायचं राहिलंय.”

ती आली. मुकुलनं तिच्याकडे न बघताच टाकीचं सांगायला सुरुवात केली, जणू ताईंनी टाळ्या मघाशीच वाजवल्या होत्या. ती त्याच्याकडे न बघताच ऐकत राहिली. ताई या वेळी मध्ये पडल्या नाहीत. दाराशी उभ्या राहून त्यांनी ते सगळं ऐकलं, आणि संध्याकाळी अंबिकाला म्हणाल्या, “वो आँखों में देखने वाला निकाल दो. इनको उसकी ज़रूरत नहीं है, वो तो हम लोगों को अच्छा लगता है.”

तेव्हापासून गट बदलला. आता कधी चौघं मिळून शिकंजी करतात. एक लिंबं पिळतो, एक साखर घालतो, आणि कुणी जास्त घातली तर दुसऱ्यानं सांगायचं असतं. भांडणंही होतात. मुकुलचं बोलणं संपत नाही म्हणून शलाका एकदा चिडून “बस, अब मैं बोलूँगी” म्हणाली, तर तो दुखावून जिन्यात जाऊन बसला. त्याला परत कसं बोलवायचं, हे शिकायला तिला दोन-तीन शनिवार लागले. कुणाला फार आवाज सहन होत नसेल तर खिडकीपाशी जाऊन बसायची मुभा आहे. देविका बहुतेक वेळ तिथेच असते आणि तिथूनच आपली चित्रं दाखवते.

सगळं गोड झालं असं समजू नका. वर्गातल्या मुलींनी शलाकाला पुन्हा बोलावलेलं नाही. चारुताताई शाळेत गेल्या, वर्गातल्या मुलांशीही एकदा बोलू द्या म्हणाल्या, कारण त्यांच्या मते शिकायचं दोघांनी असतं. शाळा ‘बघू’ म्हणाली. अजून बघतेच आहे.

माझं म्हणाल तर मी आता म्हातारा झालोय. सनमायका कोपऱ्यात उचकटलाय, एक पाय डुगडुगतो, त्याखाली अंबिकानं पुठ्ठ्याची घडी सरकवली आहे. इतर दिवशी सकाळी लहान मुलं येतात, कारण एकट्यानं शिकायच्या गोष्टी अजून एकट्यानंच शिकाव्या लागतात. पण ताईंनी मला उलटं फिरवलंय. सरळ बाजूला मूल बसतं, हवं तेव्हा उठून जातं. खाचेत ताई बसतात. त्यांना तिथून लवकर उठता येत नाही, मुलाला येतं. हे मला बरं वाटतं.

शनिवारी मला उचलून बाहेर जिन्याच्या डोक्याशी ठेवतात. माझ्यावर चहाचा थर्मास असतो आणि आईबापांची दाटी होते. केशवराव तिथे असतात, सिंधूवहिनी असतात. पूर्वी हेच लोक एकमेकांकडे न बघता आपापल्या मुलाची वेळ होण्याची वाट बघायचे. गेल्या आठवड्यात एक नवी आई आली, कडेवर मुलगी. तिनं कुणाला उद्देशून न बोलता विचारलं, “ठीक हो जाएगी न?” सिंधूवहिनी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्या थोड्या सरकल्या, माझ्याजवळ जागा केली आणि म्हणाल्या, “बैठिए. पहले चाय पीजिए.”

तुमच्याही गल्लीत, वर्गात, नात्यात असं एखादं मूल असेल. ते तुम्हाला एकच गोष्ट परत परत विचारेल, तुमच्याकडे न बघता विचारेल. त्याला विचारायला शिकवलंय आम्ही, त्यासाठी पुष्कळ मुरमुरे आणि पुष्कळ वर्षं गेली आहेत. उत्तर द्यायला तुम्हाला कुणी शिकवलं नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही. पण पळून जाऊ नका, एवढं या जुन्या टेबलाचं मागणं आहे.

आता थांबतो. शनिवार आहे, जिन्यात पावलं वाजू लागलीत, आणि अंबिका मला एका बाजूनं उचलायला कुणाला तरी हाक मारते आहे.