न दुखलेला कान

आमच्या घरात दुखण्याला थारा नाही. भावाचं औषधांचं दुकान आहे ना! शिंक आली की गोळी, खोकला आला की सिरप. मी त्याची थोरली बहीण. मी गुडघ्याला नुसता हात लावायचा अवकाश, हा पाण्याचा ग्लास घेऊन हजर. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हेवा वाटतो. मला कधीकधी त्याला एक ठेवून द्यावीशी वाटते.

कानांवर मात्र त्याच्याकडे गोळी नव्हती. पसरट, पुढे आलेले कान ही आमच्या घराण्याची देणगी. मी ते मिरवतच म्हातारी झाले. त्याच्या मुलीला, माझ्या भाचीला, ते जमेना. वर्गात तिला ‘कपबशी’ म्हणत. एके दिवशी तिने दोन्ही कान चिकटपट्टीने डोक्याला चिकटवले आणि तशीच शाळेत गेली. संध्याकाळी पट्टी ओढून काढताना कातडी सोलली गेली, तेव्हा कान मागे बसवायचं ऑपरेशन नको म्हणणारी मीसुद्धा तयार झाले.

ऑपरेशन छान झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. बाई मोजकं बोलणाऱ्या.

“थोडं दुखेल, दोन्हीकडे सारखंच. पण एकाच कानात ठणका लागला आणि वाढत गेला, तर लगेच फोन करा. आत रक्त साकळलं तर पट्टीवरून काही दिसत नाही, ते दुखण्यावरूनच कळतं. ही साधी गोळी आहे, दुखलं तरच द्या.”

भावाने शहाण्यासारखी मान डोलावली आणि गाडीत बसल्याबसल्या फणफणला, “दुखलं तरच! म्हणजे पोरीने आधी कळवळायचं आणि मग बापाने धावायचं?”

त्याने दुकानातून कडक गोळ्या आणल्या. आधीची उतरायच्या आत पुढची द्यायची, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, “बाईंनी दिलीय तीच दे.”

“ताई, आयुष्य गेलं माझं यात.”

“अति शहाणा त्याचा बैल रिकामा,” मी तोंडावर म्हटलं. तो हसला.

पोर खरंच हूं की चूं करेना. डोक्याला पांढरी पट्टी, डोळ्यांवर झापड, चेहरा हसरा. भावजय फोनवर सगळ्यांना कौतुकाने सांगत होती. मग माझ्या लक्षात आलं की पोर डाव्या कुशीवर वळतच नाही. दूध अर्धं टाकते. कपाळ गरम लागतं. त्यावरही भावाकडे गोळी होतीच.

“दुखतंय का गं?”

“नाही आत्या.”

ती खोटं बोलत नव्हती. मला त्याचीच धास्ती वाटत होती.

पट्टीबाहेर आलेले तिचे केस विंचरताना वास आला. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस न बदलल्यासारखा. माझ्या मनात पाल चुकचुकली. “मलमाचा असेल,” भावजय म्हणाली, पण तिनेही पुन्हा वास घेतला नाही. मी भावाला म्हटलं, “आज एक गोळी चुकव. काय होतं ते बघू.”

“पोरीला रडवून बघायचंय तुला?” तो ओरडला. “बाईच म्हणाल्या ना, ठणका लागला तर. कुठाय ठणका?”

तो दुकानात गेला. दुपारची गोळी द्यायचं काम माझं. ती मी मुठीत धरली आणि पोरीच्या उशाशी बसून राहिले. आपण वैरिणीसारखं वागतोय असं वाटत होतं, आणि पोर मजेत चित्रं रंगवत होती.

आधी तिच्या हातातला रंगीत खडू थांबला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं. हात डाव्या कानाकडे गेला आणि ती अशी किंचाळली की भावजय ओल्या हातांनीच धावत आली. तिने पाणीही न पुसता बाईंना फोन लावला.

भाऊ दुकानातून परस्पर दवाखान्यात पोचला. बाईंनी पट्टी कापली. उजवा कान सुरेख बसला होता. डावा काळानिळा, टम्म फुगलेला. त्यातून जे वाहिलं ते बघून भावजय भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“कानाचं मऊ हाड सडलंय,” बाई म्हणाल्या. “वाचेल तेवढं वाचवते. आकार आता राहणार नाही.” मग भावाकडे वळल्या. “हे एका दिवसाचं नाही. केव्हापासून दुखतंय?”

“दुखत नव्हतं.” त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नसावा. “मी दुखूच दिलं नाही.”

पोरीने माझा हात सोडला आणि त्याचा शर्ट धरला.

“बाबा, गोळी दे ना.”

गोळ्या त्याच्या खिशातच होत्या. तो पोरीकडे बघत नुसता उभा राहिला.