अंगठ्याची खूण

दिवाळी जवळ आली की सक्करदऱ्याच्या भट्टीवर बायकांची झुंबड उडायची. मैदा, तूप, साखर घरून न्यायची आणि नानकटाई तिथं भाजून घ्यायची. एकीचे भाजायचे पत्रे दुसरीच्यात जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. मनकर्णाची खूण म्हणजे तिच्या नवऱ्याचा, रुपरावांचा अंगठा. ते एकेका नानकटाईवर तो दाबायचे आणि म्हणायचे, "आता आपला माल कोनी नेत नाही वं."

रुपराव वारले. गेली दिवाळी दुखवट्यात कोरडीच गेली. यंदा लेकींसाठी मनकर्णा एकटी आली आणि तिनं स्वतःचा अंगठा दाबला.

भाजलेले पत्रे बाहेर आले. बायका डबे भरून निघून गेल्या. मनकर्णा मात्र जुन्या सवयीनं वाकून वाकून तो रुंद, खोल खळगा शोधत राहिली. गेलेल्या माणसाचा अंगठा तिथं कुठून येणार? शेवटी एकच पत्रा उरला. त्यावरचे खळगे अगदीच लहान होते.

"काहून थांबल्या बाई? हे तुमचंच आहे न?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"आमचं नाही हे," ती म्हणाली. "आमच्यावर त्यायचा अंगठा राहते."

बोलता बोलता तिनं आपला अंगठा एका खळग्यात टेकवला. तो तंतोतंत बसला.