पायरीचा ठराव

मामाच्या सलूनमध्ये तीन खुर्च्या होत्या आणि दर रविवारी सकाळी त्यांवर नगरपरिषद बसायची. म्हणजे पाच सदस्यांपैकी तिघं : अध्यक्ष, मिशीवाले आणि टकलू. टकलूंच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता आणि दाढी ते घरीच करत, तरी एक रविवार चुकवत नसत! गालाला फेस फासून हे तिघं गावाचा कारभार उरकायचे. खऱ्या सभेत मग उरलेल्या दोघांना फक्त हात वर करायचं काम.

त्या रविवारी भाची आरसे पुसत होती.

"ती दारातली पायरी काढून टाकू," अध्यक्ष म्हणाले. "रस्त्यावर आलीये. अतिक्रमण आहे."

पायरी कुठेही आली नव्हती. रस्त्यावर आली होती ती अध्यक्षांची नवी गाडी, आणि तिचं दार पायरीला घासलं होतं.

"मंजूर," मिशीवाले म्हणाले.

"मंजूर," टकलू म्हणाले.

वस्तरा अध्यक्षांच्या गळ्यावर, आणि घाम मामाला!

दुकान कमरेइतक्या उंच जोत्यावर. पायरी गेली तर म्हातारी गिऱ्हाइकं काय शिडी लावून चढणार? दुकानाला टाळंच लागायचं.

"जाऊ दे गं," ते गेल्यावर मामा म्हणाला. "सत्तेपुढे शहाणपण चालत नाही."

"चालत नसेल तर ढकलू," भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती दप्तरासकट नगरपरिषदेत हजर. तिथे लोकांच्या शंका सोडवायला कायदा सल्लागार बसायचे. कुणी शंका विचारायला येत नसल्यामुळे त्यांची प्रकृती छान होती.

"काका, पायरी काढायचं कुठे ठरतं?"

"सभेत. आधी सूचना लावून, दार उघडं ठेवून, लोकांना बोलू देऊन." त्यांनी पाढा म्हणावा तसं सांगितलं.

"आणि सभा म्हणजे?"

"पाचातले तीन सदस्य जमून गावच्या कामावर बोलले की झाली सभा. मग ते सभागृहात असोत, नाहीतर कुणाच्या लग्नात."

"सलूनमध्ये?"

काकांनी मान वर केली. "तिथे ते केस कापायला जमतात. खासगी मामला."

"टकलूसुद्धा?"

काका घटाघटा पाणी प्याले. "मुली, हे मी ऐकलेलं नाही."

"मग मोठ्यानं सांगू?"

"नको, नको! असं गुपचूप ठरवलेलं रद्द होतं. झालं समाधान? घरी जा, अभ्यास कर."

"अभ्यासच तर करतेय, काका!"

पुढच्या रविवारी तिघं खुर्च्यांत बसताच भाचीने दार सताड उघडलं आणि बाहेर पाटी अडकवली : 'नगरपरिषदेची सभा चालू आहे. या, बोला.' बघता बघता सलून गच्च भरलं. दूधवालीने तुंबलेल्या गटाराचा विषय काढला, एक आजोबा रस्त्यावरच्या बंद दिव्याला चिकटले ते सुटेचनात. अध्यक्षांचा एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. पळणार कुठे?

"ही सभा नाही!" ते ओरडले. "आम्ही दाढी-कटिंगला आलोय!"

सगळ्यांनी टकलूंकडे पाहिलं. टकलूंनी टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

बोभाटा झाला. सल्लागारांना नाइलाजाने सांगावं लागलं की पायरीचं रीतसर सभेत ठरेल आणि यापुढे सलूनमध्ये एका वेळी दोनच सदस्य. तिसऱ्याने बाहेर थांबायचं. बाहेर कोण? ज्याला केस नाहीत तो! टकलू बिचारे पायरीवर बसून राहायचे, आतल्या गप्पा ऐकायला मान लांब करत.

अखेर सभेचा दिवस उजाडला. सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मामा भाचीचा हात घट्ट धरून बसला होता.

"पायरी हटवावी," अध्यक्ष म्हणाले.

"मंजूर," मिशीवाले म्हणाले.

टकलू एकदम उसळले, "आणि मी बसू कुठे? तुमच्या डोक्यावर? नामंजूर!"

उरलेल्या दोघांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मत विचारलं. त्या आनंदात तेही "नामंजूर, नामंजूर" म्हणाले. पायरी वाचली! मामाने डोळे पुसले आणि घाम आल्याचं सांगितलं.

नंतरच्या रविवारी अध्यक्षांना उशीर झाला. आत मिशीवाले आणि टकलू ऐसपैस बसलेले. अध्यक्ष दारात घुटमळले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच पायरीवर टेकले.

भाची झाडू घेऊन बाहेर आली. "जरा सरका ना," ती म्हणाली. "रस्ता अडतोय."