हिरवा मालक

आमच्या सासऱ्यांनी मला मुलगी दिली ती एका विजारीच्या जोरावर. लग्न ठरायच्या आधी ते अनोळखी गिऱ्हाईक बनून माझ्या दुकानात आले, विजार शिवायला टाकली आणि मी शिवून झाल्यावर उरलेलं कापड परत दिलं. शिंपी आणि उरलेलं कापड परत! त्यांनी घरी जाऊन लगेच होकार कळवला. त्या घरात चौकशी अशी करतात. त्यामुळे बायकोचा फोन आला तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं.

"तुमचा मालक धाकट्याला बोलावतोय खरा," ती म्हणाली, "पण मालकाची चौकशी केलीत का?"

धाकटा म्हणजे माझा मेहुणा. तो गावाकडे गणवेशाच्या कारखान्यात कायम नोकरीला आहे. इकडे परदेशात मी पडदे शिवतो. दुकानात आणखी एक कारागीर हवा होता, तेव्हा मीच त्याचं नाव सुचवलं. सोमवारी तो राजीनामा देणार होता. एकदा दिला की ती नोकरी परत मिळणार नव्हती, आणि सासरचं घर त्याच्याच पगारावर चालतं.

"देवमाणूस आहे तो," मी चिडून म्हणालो. "मला घरचा माणूस म्हणतो."

"स्वभाव नाही विचारला. तिथल्या सरकारच्या साइटवर कंपनीचा नंबर टाकला की रंग दिसतो म्हणे. हिरवा म्हणजे सगळं रीतसर. लाल असेल तर नवा माणूस आणता येत नाही आणि जुन्याचा कामाचा परवाना वाढत नाही. बघा आणि सांगा."

माझ्या खोलीत एक एसी मेकॅनिक राहतो. त्याने कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही, पण न विचारता सल्ला देतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणतात. तो म्हणाला, "नंबर दुकानाच्या परवान्यावर असतो. भिंतीवर फ्रेम असेल बघ."

फ्रेम होती, पण पार छताजवळ, आणि अक्षर मुंगीएवढं. दुसऱ्या दिवशी मालक बाहेर गेल्याचं बघून मी स्टुलावर चढलो आणि खडूने नंबर बाहीवर उतरवून घेतला. खाली उतरणार तोच मालक दारात उभा.

"काय चाललंय?"

मी गळ्यातला टेप फ्रेमला लावला. "माप घेतोय."

"कशाचं?"

"पडद्याचं." शिंप्याच्या तोंडून दुसरं काय निघणार?

मालक क्षणभर विचारात पडला, मग खूश झाला. "वा! ती फ्रेम मला कधीपासून डोळ्यात खुपतेय. मखमल घे. झालर लाव. दोरीही लाव ओढायला." म्हणजे आता सरकारी परवान्याला झालरीचा पडदा शिवणं आलं. आलिया भोगासी असावे सादर, म्हणून मखमल कापायला घेतली.

संध्याकाळी खोलीत वकिलाने फोनवर नंबर टाकला. बायको व्हिडिओ कॉलवर होती. रंग आला, चक्क हिरवा! माझी छाती फुगली. "बघ! माणूस ओळखायला नजर लागते."

"थांबा जरा," ती म्हणाली. "मालकाचं नोकरीचं पत्र धाकट्याला आजच आलंय. त्यावर हा नंबर नाही. तुमच्या कामाच्या परवान्याच्या कार्डावर कुठला आहे?"

"तोच असणार."

"मग बघायला काय जातंय?"

मी खिशातून कार्ड काढलं. नंबर दुसराच होता, आणि बायकोने वाचून पाहिलं तर पत्रावरही तोच. वकिलाने तोही टाकला. लाल. खाली कंपनीचा धंदा लिहिला होता, जलतरण तलावांची सफाई. म्हणजे मालकाने मला कागदावर भलत्याच कंपनीत दाखवलं होतं, आणि सरकारच्या लेखी मी इतकी वर्षं तलाव धूत होतो. मला पोहता येत नाही. विहिरीत डोकावलं तरी गरगरतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बायको म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "आणि तुमचा परवाना?"

तो पुढच्याच महिन्यात संपत होता. "आधी धाकट्याला थांबव," एवढंच मी म्हणालो. खरं सांगतो, भीती वाटली होती.

त्या रात्री वकिलाचा सल्ला आयुष्यात पहिल्यांदा कामाचा निघाला. लाल कंपनीतल्या कामगाराला मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे जाता येतं, असा इथला नियम होता. आमच्या समोरच्या सोफ्यांच्या दुकानाला दोन शिंपी हवे होते. मी आधी त्यांचा नंबर बघितला, तो हिरवा निघाला. पण एकदा तोंड पोळलं होतं. म्हणून वकिलाच्या हाती एक उशी आणि मुद्दाम जास्तीचं कापड देऊन त्याला तिकडे खोळ शिवायला पाठवलं. खोळ आली, आणि उरलेलं कापडही आलं. मग मी होकार दिला आणि दुसऱ्या जागेसाठी धाकट्याचं नाव सांगितलं.

मालकाचा पडदा मात्र पुरा केला. तो टांगला, उरलेली मखमल काउंटरवर ठेवली आणि जातो म्हणून सांगितलं.

"अरे, तू तर घरचा माणूस!"

"घरचा होतो, तर कागदावर परक्याच्या घरी का ठेवलंत?"

मालकाने दोरी ओढून पाहिली. पडदा जराही न अडकता फ्रेमवरून सरकला. मेल्याला काम चोख करून दिलं होतं मी.

नवं कार्ड हातात आलं तेव्हा त्यावर व्यवसाय लिहिला होता, शिंपी. माझे डोळे भरून आले. बायकोला फोन लावला.

"नंबर सांगा," ती म्हणाली, "मी बघते."

तिने नंबर टाकला. मग "हिरवा," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मागून मेहुण्याने विचारलं, "दाजी, मलाही घेतायत ना तिथे? मग देऊ राजीनामा?"

मी काही बोलणार एवढ्यात सासऱ्यांनी फोन हातात घेतला. "जावईबापू, त्या लोकांनी उरलेलं कापड परत दिलं का?"

"दिलं, बाबा."

"मग दे रे राजीनामा," ते म्हणाले.