आकडा सांगायचा नाही

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या बाजारात कोणालाही विचारा, चुन्नीलालचा काटा खरा असंच सांगतील. हे मी माझ्याच तोंडाने सांगतो आहे, कारण या गोष्टीत माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं तेवढंच आहे. धानाचा व्यापार माझा. तरुणपणी हमाली केली, पाठीवर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, वाहिले, मग स्वतःचं गोदाम टाकलं. चाळीस किलोचा कट्टा नुसता उचलून मी सांगतो, यात अर्धा किलो कमी आहे. बकाराम हमाल माझ्याशी पैज लावायचा आणि दरवेळी हरायचा.

भूमिका माझी एकुलती एक पोरगी. ती बसायला लागली तेव्हापासून दर दिवाळीला मी तिला गोदामातल्या काट्यावर चढवायचो आणि आकडा दाराच्या चौकटीवर रंगाने लिहायचो. पहिला आकडा नऊ. आमच्या घरचा तो सणच होता म्हणा ना. हमाल टाळ्या वाजवायचे, मी सगळ्यांना पेढे वाटायचो.

गेल्या दिवाळीला ती दहावीत होती. गोदामात शेतकऱ्यांची ही गर्दी. ती म्हणाली, "नको ना बाबूजी, लोकं हायेत."

"लाजतेस कायले वं? चढ!"

ती चढली. आकडा पाहिला आणि माझी जीभ सुटली. "अरे बापा! कट्टा भरून वर पायल्या सांडून राहिल्या! बकाराम, आता इले उचलाले दोन हमाल लागतीन!"

सगळे हसले. तिच्या वर्गातला हिमांशू बापासोबत धान घेऊन आला होता, तोही हसला. मी तर पोट धरून हसलो. भूमिका खाली उतरली, ओढणी सारखी केली आणि घरी गेली. तो आकडा मी चौकटीवर लिहिला. इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

आठवडाभरात कोणीतरी खिळ्याने तो खरवडून काढला. मी हमालांच्या पोरांना शिव्या घातल्या. घरात विचारावं हे डोक्यातही आलं नाही.

मग भूमिका बारीक व्हायला लागली. पाहुणे म्हणायचे, पोरगी किती छान झाली! मीही मिरवायचो, "आता हिरोईन दिसून राहिली आमची भूमी." बायको शामकला मात्र माझ्या मागे लागली होती. "तिचा डबा भरलेलाच वापस येते. केस गळून राहिले. तीन महिने झाले, पाळी नाई. तुमी पाहून काऊन नाई राहिले?"

"आजकालच्या पोरींचे नखरे हायेत. भूक लागली का खाईन."

शामकलेने नागऱ्याच्या महादेवाला नवस केला. मी उन्हाळी धानात गुंतलो होतो. मे महिन्यात, गोंदियाच्या उन्हात, माझी पोरगी स्वेटर घालून फिरत होती. दाणा दाताखाली चावून धान किती ओलं आहे ते सांगणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मेच्या शेवटी एका दुपारी ती माझा डबा घेऊन गोदामात आली. डबा ठेवला आणि काट्याजवळच कोसळली. मी धावत जाऊन तिला उचललं. तीस वर्षं या हातांनी वजन तोललं आहे, त्यांना काटा लागत नाही. माझी पोरगी कट्ट्यापेक्षा हलकी होती. मी तिथेच, हमालांसमोर, हमसून हमसून रडलो. गाडी बकारामने बोलावली.

गोंदियाच्या दवाखान्यात चार दिवस सलाईन लागलं. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवलं. "हा नखरा नाही, आजार आहे," त्या म्हणाल्या. "ती मुद्दाम खात नाही असं समजू नका. तिला खाता येत नाही. आरशात तिला जी मुलगी दिसते, ती तुम्हाला दिसते ती नाही."

मी काट्याची गोष्ट सांगून टाकली. त्या म्हणाल्या, एका थट्टेने हा आजार होत नाही, आणखी पुष्कळ कारणं असतात. पण थट्टा मनाला लागते, हेही खरं. बाई चांगल्या होत्या. मला सोडलंही नाही आणि गाडलंही नाही.

संध्याकाळी मी भूमिकेच्या खाटेजवळ बसलो. "तुले भूकच लागत नाई का वं?"

"लागते. लय लागते," ती म्हणाली. "पन भूक लागली का मले लाज वाटते. वाटते, सारे पाहून राहिले, हसून राहिले."

सारे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

"माहं चुकलं, बेटा."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. माफी मागितली की लगेच मिळते असं थोडंच आहे?

घरी आलो ते नियम घेऊन. दिवसातून सहा वेळा, घड्याळ लावून, थोडंथोडं खायचं. कोणीतरी सोबत बसायचं. बारीक, जाड, किती खाल्लं, हे बोलणं घरात बंद. वजन फक्त दवाखान्यात होईल, ती काट्याकडे पाठ करून उभी राहील आणि आकडा तिला सांगायचा नाही. दवाखान्यातून निघतानाच मी म्हणालो होतो, "डॉक्टरीणबाई, माझं अर्धं बोलणंच बंद झालं!"

तरी शिकलो. आधी गोदामात एकटाच जेवायचो, आता दोन्ही वेळा घरी येतो. अर्धी पोळी संपायला पाऊण तास लागतो. तोवर मी बकारामच्या चोरट्या बकरीचे किस्से सांगतो. ते संपले की नवे रचतो. कधी ताट तसंच राहतं. एकदा ती ताट सरकवून ओरडली, "तुमी सारे माह्या तोंडाकडेच पाहून राहिले!" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, शामकलेने माझा पाय दाबला, मी तोंड मिटलं. या वर्षात मी केलेलं सगळ्यात अवघड काम ते.

परवा, दिवाळीला आठ दिवस असताना, तिला तपासणीला नेलं. ती काट्याकडे पाठ करून उभी राहिली. मी समोरच होतो. जन्माची सवय, नजर गेलीच.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. मोटारसायकलवर मागून आवाज आला, "किती?"

मी गाडी बाजूला घेतली. ती उतरली, मीही उतरलो.

"तुमी पाहला. काटा पाहल्याबिगर तुमी राहूच शकत नाई."

"पाहला." खोटं बोलवलं नाही.

"मंग सांगा ना."

आयुष्यभर मी आकडे ओरडून सांगितले. हाही जिभेच्या टोकावर होता. चांगला की वाईट, एवढंसुद्धा चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी कापणी करणाऱ्या बायांकडे पाहत राहिलो.

"नाई सांगत. अन् यंदा चौकटीवर बी नाई लिहीन. तू का कट्टा हायेस का, बेटा?"

तिने तोंड फिरवलं. मला वाटलं, रागावली, आता घरी जाऊन ताट लोटणार. मग तिने शामकलेने दिलेला डबा पिशवीतून काढला आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"चार वाजले," ती म्हणाली आणि बांधावर बसली. डब्याचं झाकण उघडून तशीच थांबली. "बसा ना, बाबूजी. एकटीनं अजून नाई खाववत."

मी बसलो.