हिरव्याखालचं पाणी

धारा काढून शांभवी गोठ्याच्या मागच्या दारात आली आणि तिथंच थबकली. अझोलाच्या खड्ड्याभोवतीचं कुंपण नव्हतं.

तुरीच्या काटक्या सुतळीनं आवळून तिनं स्वतःच्या हातानं उभं केलेलं कुंपण. आता त्याच काटक्या मोळी बांधून चुलीसाठी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. आणि खड्डा काठोकाठ हिरवा. म्हशींच्या चाऱ्यासाठी पाण्यावर वाढवलेल्या अझोलाच्या बारीक पानांचा थर असा गच्च दाटला होता की खाली पाणी आहे हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. ती दोन दिवस माहेरी, नेसरीला गेली होती. काल दिवेलागणीला परतली, तेव्हा मागं फिरकणं झालंच नव्हतं.

तिनं आधी मान वळवून भूमिका कुठं आहे ते पाहिलं. पोर सोप्यात आजीच्या मांडीला टेकून भाकरीचा पापुद्रा चघळत होती. मग कुठं शांभवीला रागवायला सवड मिळाली.

"मामा, कुंपण कुणी काढलं?"

सासरे गुरुसिद्ध आरशापुढं पटका बांधत होते. "मी काढलो. दूध संघाचं साहेब येणार हाईत फोटू काढायला. त्या काटक्या काय फोटूत घ्यायच्या हाईत व्हय?"

"आणि दोन दिवस अझोला का काढला नाही?"

"मीच नको म्हटलो हिला," सोप्यातल्या बायकोकडं हात करत ते म्हणाले. " गच्च भरू दे. साहेबाला गालिचा दिसला पायजे, गालिचा!"

गालिचा! शांभवीनं दातावर दात दाबले.

हा गालिचा आणला कुणी? वनस्पतीशास्त्र शिकून बी.एस्सी. झालेल्या सुनेनं. एका शेतकरी मेळाव्यातनं पिशवीत घालून बियाण्यापुरता मूठभर अझोला आणला, तेव्हा हेच मामा म्हणाले होते, "शेवाळ खाऊन म्हशी दूध देत्यात काय? कालिजात हेच शिकिवलं व्हय तुला?" खड्डा तिनं खणला. ताडपत्री तिनं अंथरली. चाळलेली माती, शेणकाला, सुपर फॉस्फेट, सगळं तिनं. म्हशींच्या आंबोणात अझोला पडू लागला, पेंड कमी लागू लागली, उरलेला भाताच्या खाचरात खत म्हणून गेला, आणि बघता बघता गावात तो 'गुरुसिद्धअप्पांचा अझोला' झाला. त्याचंही तिला काही नव्हतं. नाव कुणाचंही होऊ दे. पण कुंपण?

भूमिका चालायला लागली त्याच आठवड्यात तिनं कुंपण घातलं होतं. तेव्हाही घरभर हसू. "अर्धा हात पाणी, त्यात बुडतंय कोण? बेडूक?" शांभवीला मात्र ठाऊक होतं की रांगती पोरं बादलीत बुडतात, घंगाळात बुडतात. आणि इथं तर पाणी दिसतही नाही.

म्हणून ती रोज सकाळी अझोला काढायची, तो खड्ड्याच्या दाराकडच्या कोपऱ्यातनं. चाळण फिरली की तिथं काळंभोर पाणी उघडं पडायचं. कडेवरच्या भूमिकाला दाखवत ती त्यात खडा टाकायची. बुडुक! पोर ओरडायची, "बुलुक!" आणि आईच्या मानेला घट्ट मिठी मारायची. पाणी म्हणजे बुलुक, आणि बुलुक म्हणजे लांब राहायचं, एवढं तिला कळू लागलं होतं. आता कुंपण गेलं होतं आणि बुलुकही झाकलं गेलं होतं.

तिनं काटक्या उचलल्या. मामांनी वाट अडवली. "साहेब गेल्यावर बांध की! कुठं आग लागलीया?"

तिनं नवऱ्याला मोबाईल लावला. शशिधर बिद्रीला साखर कारखान्यावर होता, हंगाम जोरात. मागं यंत्रांचा खडखडाट. "एका दिवसाचा प्रश्न आहे शांभवी, अप्पांचा मान राख की," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. तिचं मत विचारायची त्याला गरजच वाटली नव्हती. ती आपली भित्री, पुस्तकं वाचून डोकं बिघडलेली. हे तो बोलला नाही, पण तिला ऐकू आलं.

"जा, पोहे टाक," सासू रत्नव्वा म्हणाल्या. "भूमीकडं मी बघतो की."

"आत्ती, मांडीवरनं खाली सोडू नका."

"आगं, चार पोरं वाढिवली मी! मला शिकिवतीस?"

शांभवी स्वयंपाकघरात गेली. कांदा चिरताना तिचे डोळे खिडकीबाहेर होते. पोहे भिजवताना खिडकीबाहेर. फोडणीला मोहरी टाकली आणि रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. "आलं, आलं! पाट मांड गं, तांब्या आण!" मामांची धावपळ. मोहरी तडतडली. तिनं झारा उचलला आणि पुन्हा बाहेर पाहिलं.

खड्ड्याच्या काठावर गुलाबी झबलं.

भूमिका उकिडवी बसली होती. गादीवर थोपटावं तसं हिरव्यावर तळहातानं थोपटत होती. मग ती उठली आणि एक पाय पुढं टाकला.

झारा कुठं पडला, शांभवीला कळलं नाही. ती पोचली तेव्हा पोर एका पायानं मांडीपर्यंत आत होती, दुसरा पाय काठावरच्या ताडपत्रीवरनं घसरत होता, आणि तोंड हिरव्यापासनं वीतभर. तिनं झबल्याला धरून पोर वर ओढली. भूमिकानं श्वास घेतला आणि टाहो फोडला.

रत्नव्वा पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभ्या. "आत्ता हितं होती... नुसती तांब्या आणायला उठलो मी..."

मामा धावत आले. त्यांनी नातीकडं पाहिलं, फाटकाकडं पाहिलं. "कुठं काय झालंय? पाय भिजलाय. पूस, पूस लवकर. आणि असं कर, तिला हितंच घेऊन उभी ऱ्हा. फोटूत बरं दिसंल."

शांभवीनं पोरीच्या पायाला चिकटलेला अझोला झटकला. तिनं पोर कोणाच्याही हातात दिली नाही. पदरानं कमरेशी बांधली, खुंटीवरची चाळण घेतली आणि खड्ड्यात घातली.

"काय करतीस? आगं ए!"

ती काढत राहिली. चाळण भरली की घमेल्यात, घमेलं भरलं की म्हशींपुढं. शेणकाल्याचं पाणी तोंडावर उडत होतं. साहेब गळ्यात कॅमेरा अडकवून गोठ्याच्या दारात आले तेव्हा निम्मा खड्डा काळा झाला होता.

"अहो, हे काय? फोटोसाठीच आलो होतो," साहेब गोंधळले.

"सून हाय... डोकं जरा..." मामा हसायला गेले, ते हसू जमलं नाही.

"पाणी दिसू दे साहेब," शांभवी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आत्ता माझी पोरगी ह्यात गेली होती. कोपऱ्यात बियाण्यापुरता ठेवते आहे, आठवड्याभरात परत भरेल. तेव्हा या. पण फोटो कुंपणासकट काढायचा. तुमचा फोटो बघून गावोगाव लोक खड्डे काढतील. त्यांच्याही घरात पोरं असतील."

साहेबांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. "पोर बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस परका निघाला, आणि त्याचाही तिला राग आला.

जीप गेली. मामा सोप्यात बसून राहिले, पटका तसाच डोक्यावर. "चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस," एवढंच भिंतीकडं बघत म्हणाले. तिनं मोळी सोडली आणि काटक्या रोवायला घेतल्या. सुतळी अशी आवळली की बोटांवर वळ उठले.

तिच्या कमरेवरनं भूमिकानं वाकून काळ्या पाण्याकडं बोट केलं. "बुलुक!"

"हां. बुलुक," शांभवी म्हणाली.

तेवढ्यात रत्नव्वा मागनं आल्या. त्यांनी सुतळीचं दुसरं टोक धरलं. थोड्या वेळानं एका जागी काटक्या हलवून बघितल्या.

"हितनं पोर मुंडकं घालंल," त्या म्हणाल्या. "आणि दोन काटक्या दे."